मोजमाप पुस्तिका, पान एक्केचाळीस

दर टनाला आहे.
ओल्या टनाला की वाळलेल्या, हे निविदेत लिहायचं राहिलं,
आणि राहिलं ते माझ्याच हातून.
जुनी निविदा उघडून मी फक्त
'गाळ' खोडून 'जलपर्णी' केलं होतं.

म्हणून मगदूम ठेकेदार सकाळी सातलाच
डंपर काट्यावर चढवतो, निथळायच्या आत.
फाळक्यातून कृष्णा गळत असते रस्ताभर.
तिचेही पैसे लागतात.

सांगलवाडीच्या काठावरचा हिरवा ढीग
तिसऱ्या दिवशी कमरेएवढा,
आठवड्यानं नुसतं चपटं, काळं, कुजकट काहीतरी
ज्यावर ऊब म्हणून कुत्रं बसतं.
लेखापरीक्षणाच्या तारळेकर बाई
साडीचा काठ सावरत म्हणाल्या,
"दोनशे चौदा टन. कुठं आहेत?"
मी आभाळाकडं बोट दाखवलं.
ते त्यांनी टिपून घेतलं नाही.

लेखाशीर्ष : जलपर्णी निर्मूलन.
गुंडू भोयानं हातातला झुपका उलटा केला.
ओल्या केसांसारखी मुळं, नुसती लोंबणारी,
कशालाच न धरलेली.
"मूळ हितं न्हाई साहेब. मूळ तिकडं हाय."
आणि मान वळवली शेरी नाल्याकडं,
जिथून शहराची आंघोळ, धुणं, संडास
येतात चोवीस तास, पूर्ण दाबानं,
आमच्या नळासारखे नाहीत.

नाल्याचं लेखाशीर्ष वेगळं.
त्याचं टेबल वरच्या मजल्यावर.

गेल्या साली एक रोप मी
ऑफिसमागं बादलीत ठेवलं होतं.
स्थायी समितीला दाखवायचं होतं
की ही एकदा काढून भागत नाही,
तरतूद बारा महिन्यांची हवी.
नाल्याचं पाणी वेळेवर घातलं.
पंधरवड्यात दोन झाली, महिन्यात पाच,
मग मोजायचं सोडलं.
बादलीच दिसेनाशी झाली तेव्हा उचलून सभागृहात नेली.
मागून कुणीतरी विचारलं,
"एका बादलीला अडतीस लाख?"
सगळे हसले. मीही हसलो, नोकरी आहे.
मंजूर झाले एकवीस, एकाच वेळेचे.

बादली तिथंच राहिली, दालनाच्या दाराशी.
तिला फूल आलं. जांभळं,
वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा डोळा.
कामं घेऊन आलेली माणसं
त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढायची.

यंत्र भाड्याचं. येतं तेव्हा येतं.
बाकी गुंडू आणि नऊ माणसं,
गळ्याइतक्या पाण्यात, हातमोजे कागदावर.
"आधी मासं काढायचो, आता पाला काढतो.
पाला गावतोच, एवढं बरं हाय."

ऑगस्टात कोयनेतून पाणी सुटलं.
एका रात्रीत सगळा गालिचा उचलला गेला,
वाडी ओलांडून कर्नाटकात.
सकाळी पुलावर मगदूम उभा, कोरडा ठाक.
"झाली का न्हाई नदी मोकळी?
तेवढं मोजून घ्या की."

मी पान एक्केचाळीस उघडलं.
लांबी, रुंदी, वजन यांवर तिरकी रेघ.
काम करणाऱ्याचं नाव : कृष्णा.
देय रक्कम लिहायला पेन टेकवलं
आणि पुलाखालून ओंडका गेला एक,
त्याच्यावर बसलेला बगळा,
ठेकेदाराइतकाच निवांत.

साहेबांनी ते पान रद्द करून घेतलं.
शाई लाल, सही माझीच.

गणपती झाल्यावर, नाल्याच्या तोंडाशी,
पाच-सहा पानं, फुगीर देठांची, चकचकीत.
गुंडूनं काठावरून हाक मारली,
"साहेब, आली की हो!"
खोटं कशाला सांगू,
त्याच्या आवाजात आनंद होता.